खिडकीखालची ओल

दारातल्या मुलीने वहिनींच्या डोक्यावर गवताची टोपी ठेवली आणि त्यांना काही कळायच्या आत फोटोही काढला.

"अगं, हे काय?" वहिनींनी टोपी काढून उलटी केली आणि आत पाहिलं. "कुणाकुणाच्या डोक्यावरून फिरून आलीय, देव जाणे."

"असू दे हो वहिनी. इथे सगळेच घालतात."

असं म्हणणाऱ्या धाकट्या दिराच्या डोक्यावरही एक टोपी आली होती. ती मापाला मोठी होती आणि त्याच्या कानांवर टेकली होती.

"तुम्ही घाला," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला शोभतेय. बुजगावण्यासारखी."

बाहेर उन्हं अजून पुरती उतरली नव्हती, पण आत आधीच रात्र करून ठेवलेली होती. पिवळे मंद दिवे, छताशी आळसावलेले पंखे, बारच्या फळीवर लिंबांचा ढीग आणि पुदिन्याच्या जुड्या. एका भिंतीतून जुन्या गुलाबी मोटारीचं अर्धं अंग बाहेर आलेलं. कोपऱ्यात तिघे वादक होते. एकाच्या गुडघ्यांत उभट ढोल, दुसऱ्याच्या हातात गिटार, आणि तिसरा ट्रम्पेट ओठांना लावायच्या आधी दर वेळी डोळे मिटून घेत होता. माणसं एकमेकांच्या कानाशी ओरडून बोलत होती आणि न ऐकताच हसत होती. सगळा क्युबा असा एका दालनात आणून बसवला होता. तो क्युबासारखा होता की नाही, हे सांगू शकेल असं तिथे कुणी नव्हतं.

त्यांना दाराजवळचं टेबल मिळालं. वेट्रेस वाकून उभी राहिली.

"मावशी, तुम्हाला काय देऊ? आमचा मोहितो फार चालतो."

"त्यात काय असतं?"

"रम, पुदिना, लिंबू, साखर, सोडा."

"म्हणजे रम सोडली तर सरबतच की."

"रम न घालताही देतो ना आम्ही."

वहिनींनी बारकडे एक नजर टाकली. "घाल थोडी. सर्दी झालीय मला."

धाकट्याने मान वर केली. जन्मभर ज्यांनी खोकल्याच्या औषधाचीही बाटली आधी हुंगून पाहिली, त्या या वहिनी.

"काय बघताय भाऊजी? परवा मी जाणारच आहे. इथे कोण माझी आठवण काढून नावं ठेवणार आहे?"

मग लहान लहान बशा आल्या. एकीत तळलेले बटाटे, एकीत लसणीत परतलेली कोळंबी, एकीत मूठभर ऑलिव्ह. वहिनींनी बशा एका रांगेत लावून पाहिल्या.

"हे चाखायला दिलंय की खायला?"

"इथली पद्धतच तशी आहे. थोडं थोडं, पुष्कळदा मागवायचं."

"बरंय. पोट भरेपर्यंत भूकच मरेल." त्यांनी मोहितोचा एक घोट घेतला, डोळे बारीक केले आणि ग्लास खाली ठेवला. मग ज्यासाठी त्या आल्या होत्या, ते विचारलं. "ह्यांची भिंत कुठली?"

त्यांना तेवढंच पाहायचं होतं. परवा सकाळी मुलगी येऊन त्यांना आपल्या गावी घेऊन जाणार होती, आणि जाण्याआधी नवऱ्याच्या हातचं, अजून जागेवर असलेलं एक तरी काम डोळ्यांनी पाहावं, अशी त्यांची इच्छा होती. तसं काम या शहरात एकच उरलं होतं. बाकीची सगळी पडली होती. पाडण्यासाठीच ती उभी केलेली होती.

दोघा भावांचा धंदा नव्या भिंती जुन्या करण्याचा. नाटकांचे पडदे, चित्रीकरणासाठी उभारलेल्या गल्ल्या, प्रदर्शनातले मंडप. प्लायवूडच्या कोऱ्या फळीवर ते शंभर वर्षं चढवत आणि काम संपलं की फळ्या उखडून कुणीतरी घेऊन जाई. धाकटा तडे काढी; पोपडे, झिजलेली लाकडं, गंजलेल्या बिजागऱ्या त्याच्याकडे. थोरल्याकडे फक्त ओल असे. भिंतीत मुरलेल्या पाण्याचा डाग, त्याची गडद कड, कडेवर उमटणारा क्षारांचा पांढरा फुलोरा. दुसरं काही तो सहसा हाती घेत नसे आणि ओलीच्या कामात दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. विरळ केलेला तपकिरी रंग तो वरून सोडी आणि मागे सरून, हात पाठीशी बांधून, रंग आपण होऊन कुठे जातो ते बघत राही.

"पाण्याला घर असतं," तो म्हणायचा. "डाग काढायच्या आधी पाणी कुठून येतंय ते ठरव. ज्या डागाला घर नाही, तो डाग खोटा."

म्हणून प्रत्येक डागामागे त्याने एक गोष्ट रचलेली असे. वरच्या मजल्यावरचा म्हातारा नळ बंद करायला विसरतो. पन्हळीत कबुतराचं घरटं आहे. प्रेक्षकांना यातलं काही दिसत नसे. धाकट्याला मात्र सगळं सांगितलेलं असे, आणि सांगून झाल्यावर थोरला एखाद्या शेजाऱ्याबद्दल चारचौघांत बोलून गेल्यासारखा ओशाळे.

वहिनींना या कलेचं कौतुक करण्यासारखं काही सापडलं नव्हतं. "लोक भिंती रंगवून संसार करतात, आमच्याकडे भिंती नासवून," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. घरच्या स्वयंपाकघरात, कपाटामागे, खरीखुरी ओल होती. "जगाच्या भिंतींना ओल आणता, आपल्या भिंतीची आधी घालवा की."

"ती खरी आहे," थोरला शांतपणे म्हणे. "ती मला जमत नाही."

आणि खालच्या मजल्यावरचे मास्तर दर आठवड्याला जिना चढून येत, कारण वहिनी खिडकीतल्या रोपांना पाणी घालू लागल्या की थांबायचं त्यांना सुचत नसे. रोपं रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावलेली होती. पाणी डब्यांच्या बुडातून झिरपून मास्तरांच्या भिंतीवर उतरे.

या बारची मागची भिंत मात्र विटांची होती, आणि ती टिकण्यासाठी रंगवून घेतली होती. थोरला तेव्हाच थकलेला होता. परांचीवर चढताना मध्ये थांबून, मुद्दाम काहीतरी न्याहाळत असल्यासारखं करून श्वास घेई. धाकट्याने भिंतीवर एक अर्धवट उघडी खिडकी काढली, तिच्या निळ्या झडपांचा रंग उडवला, चौकटीचं लाकूड कुजवलं. मग थोरल्याने त्याच्या हातातला कुंचला मागून घेतला आणि खिडकीच्या कठड्यावर एक रोप काढलं. ते त्याचं काम नव्हतं. पण पाण्याला घर हवं होतं. त्या रोपाखालून त्याने ओल सोडली ती थेट जमिनीपर्यंत. संबंध दुपार तो त्या डागाशी होता.

"ह्या खिडकीत कोण राहतं?" धाकट्याने विचारलं होतं.

"तुझी वहिनी," थोरला म्हणाला होता, आणि कुंचला धुवायला निघून गेला होता.

रंगाऱ्याला उद्घाटनाचं आमंत्रण नसतं. गेल्या हिवाळ्यात थोरला गेला. खिडकीची ही गोष्ट धाकट्याने वहिनींना सांगितली नव्हती. ती सांगायची नाही, भिंतीसमोर उभं राहून दाखवायची, असं त्याने ठरवलं होतं.

"मागच्या बाजूला आहे," तो आता म्हणाला. "तिथे गर्दी आहे. मी जागा बघून येतो, मग तुम्हाला नेतो."

नाचणाऱ्यांच्या कडेकडेने, टोपी हातात धरून, तो मागे गेला. खिडकीखालच्या टेबलाभोवती तरुण मुलामुलींचा घोळका होता, कुणाचातरी वाढदिवस असावा. खिडकी होती. निळ्या झडपा होत्या. त्याने काढलेला तडा डावीकडून वर चढत गेला होता, तसाच होता. घोळका जरा हलला आणि त्याला कठड्याखालची भिंत दिसली.

ती स्वच्छ होती. कठड्याच्या खाली, जमिनीपर्यंत, नव्या गिलाव्याचा एक गुळगुळीत पट्टा होता, आणि त्यावर शेजारच्या रंगाशी बहुतांशी जुळणारा पिवळा रंग दिलेला होता. काम नीटनेटकं होतं. नीटनेटकं होतं म्हणूनच जखमेसारखं दिसत होतं.

बाजूने फुलाफुलांच्या शर्टातला एक तरुण जात होता. छातीवर मॅनेजरची पट्टी होती.

"इथे एक डाग होता," धाकटा म्हणाला.

"होता ना काका! तुम्ही आधी आला होतात वाटतं?" तरुणाने त्याच्या कानाशी तोंड आणलं. "मी इथे रुजू झालो ना, पहिलं काम हेच केलं. इतका घाणेरडा दिसायचा! दोन प्लंबर आणले. भिंत फोडली. पण तुम्हाला सांगतो, पाइप सापडलाच नाही."

"सापडला नाही."

"नाही ना! एक म्हणाला वरून येतंय, दुसरा म्हणाला खालून चढतंय. जुंपली दोघांची. शेवटी मीच म्हटलं, खरवडा सगळं आणि वॉटरप्रूफिंग करून टाका. तेव्हापासून बघा, परत आलाच नाही."

"नाही येणार," धाकटा म्हणाला.

तरुणाला ही दाद वाटली. तो हसला. धाकट्याची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली होती. स्वयंपाकघराच्या दाराजवळ, बर्फाच्या यंत्राशेजारी, छतापासून खांद्याच्या उंचीपर्यंत एक तपकिरी डाग उतरलेला होता. तो त्या दोघांनी काढलेला नव्हता.

"आणि तो?"

"तो थीममधला आहे काका. आर्टिस्टनी केलेला. भारी जमलाय ना? पोरांना ताकीद देऊन ठेवलीय मी, त्याला हात लावायचा नाही."

त्याला खरं सांगावं, असं धाकट्याच्या मनात आलं. आणि नेहमीप्रमाणे मनात येऊन ते तिथेच राहिलं. कुणीतरी हाक मारली आणि तरुण नाचणाऱ्यांत दिसेनासा झाला.

टेबलापर्यंतची वाट लांबलचक नव्हती. पण त्या वाटेवर धाकट्याने एक निर्णय घेतला. जन्मभर त्याने खोट्याला खऱ्याचं रूप दिलं होतं. आता एका खऱ्याला आपल्या भावाचं नाव द्यायचं होतं, एवढंच.

"सापडली?" वहिनींनी विचारलं. ग्लासातला पुदिना त्यांनी चमच्याने बाजूला काढून बशीच्या कडेला ठेवला होता, आणि ग्लास रिकामा होता.

"सापडली. चला."

त्या उठल्या. पदर सारखा केला, टेबलावरची टोपी घेतली आणि, कुणाच्या घरी पहिल्यांदा जाताना घ्यावी तशी, दोन्ही हातांत धरली. धाकट्याने त्यांना दुसऱ्या कडेने नेलं, खिडकी वाटेत येऊ नये म्हणून.

"हा?" त्या डागासमोर थांबल्या.

"हा."

त्या पाहत राहिल्या. स्वयंपाकघराचं दार उघडे, मिटे. दर वेळी डागावर पांढरा उजेड पडे आणि निघून जाई. बर्फाचं यंत्र घरघरत होतं. थोरल्याने इथे डाग कधीच काढला नसता, हे धाकट्याला दिसत होतं. डाग ओबडधोबड होता, त्याला कुठे जायचं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी हा खरा डाग होता, आणि खऱ्याला कुणाला पटवायचं नसतं.

"हात लावू?" वहिनींनी विचारलं.

तो नको म्हणू शकला नाही. त्यांनी दोन बोटं भिंतीला टेकवली, जराशी फिरवली आणि मागे घेतली. मग अंगठ्याने ती बोटं चोळून पाहिली. नाकाशी नेली. घरच्या स्वयंपाकघरात कपाटामागची भिंत त्यांनी आयुष्यभर पुसली होती.

"छान आहे," त्या म्हणाल्या.

एवढंच. ओली बोटं त्यांनी पदराला पुसली नाहीत. ती जराशी दूर धरून त्या परत निघाल्या, पण आल्या त्या बाजूने नाही. वाढदिवसाचा घोळका नाचायला उठला होता आणि मागची भिंत मोकळी झाली होती. धाकटा "इकडून, वहिनी" म्हणेपर्यंत त्या खिडकीसमोर उभ्या होत्या.

"भाऊजी."

"हां."

"हा डबा आपला आहे."

कठड्यावरचं रोप डब्यात लावलेलं होतं. रंगाचा पत्र्याचा डबा, कडेला एक पोचा, आणि काठावरून ओघळून सुकलेला निळा थेंब. धाकट्याने इतक्या वेळात त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. त्याच्या लेखी तो ओलीचं कारण होता. काम ओल होती, आणि काम गेलं होतं.

"पोचा मी पाडलेला," वहिनी म्हणाल्या. "मास्तर भांडायला आले तेव्हा हातातून पडला. हे तुम्ही काढलंत?"

"नाही. दादाने."

"मग तिथे नेऊन ते काय दाखवलंत मला?"

धाकट्याने कोपऱ्यातल्या वादकांकडे पाहिलं. ट्रम्पेटवाला डोळे मिटून एक लांब सूर धरून होता, तो संपेपर्यंत गप्प राहण्याची सोय होती. सूर संपला.

"आणि ह्या डब्याखाली कोरडं कसं?" त्यांनी भिंतीवर हात ठेवला. "पाण्याला घर असतं म्हणायचे ना हे? इथे घर आहे आणि पाणी नाही. तिकडे पाणी आहे आणि घर नाही. माझी काय परीक्षा घेताय?"

"इथेच होती ओल," धाकटा म्हणाला. "खालपर्यंत. दादाची आजवरची सगळ्यात चांगली. खिडकीत कोण राहतं म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, तुझी वहिनी. तेच तुम्हाला दाखवायचं होतं मला. आणि ह्या लोकांनी ती खरवडून टाकली."

"का?"

"त्यांना खरी वाटली."

वहिनी त्याच्याकडे वळल्या.

"प्लंबर आणले होते," तो म्हणाला. "दोन. भिंत फोडून पाइप शोधत होते. एक म्हणे वरून येतंय, दुसरा म्हणे खालून."

वहिनींच्या चेहऱ्यावर आधी काहीच झालं नाही. मग ओठांचा एक कोपरा हलला, मग खांदे, आणि मग त्या हसू लागल्या. आवाज न करता, पदर तोंडाला लावून, शेवटी खुर्चीची पाठ धरून. गेल्या हिवाळ्यापासून धाकट्याने त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"सापडला का पाइप?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"नाही."

"कसा सापडेल मेल्यांना! मीच ती पाणी घालणारी, आणि मी इकडे." त्यांनी डोळे पुसले. "हे असते तर बाहेर जाऊन हसले असते. लोकांसमोर हसायचे नाहीत."

"हो. कुंचला धुवायला म्हणून."

त्या घोळक्याच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या. धाकटाही बसला. परवापासून घरात आपण एकटेच असू, हे त्याला इथे, इतक्या गोंगाटात, पहिल्यांदा नीट कळलं. काहीतरी बोलावं म्हणून त्याने म्हटलं, "रोपं सगळी नेणार ना तुम्ही?"

"कुठली नेतेय? तिच्याकडे बाल्कनी नाही. तुम्ही घाला पाणी." मग म्हणाल्या, "जास्त घालू नका. मास्तर येतील."

"येऊ देत की," धाकटा म्हणाला. "तेवढंच कुणीतरी येईल."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं आणि नजर लगेच दुसरीकडे नेली. टेबलावर बर्फाच्या पाण्याचा एक मोठा ग्लास कुणी न पिता सोडून गेलं होतं. बर्फ वितळून गेला होता. त्यांनी तो उचलला. आजूबाजूला पाहिलं नाही. उठून, टाचा उंचावून, त्यांनी ग्लास काढलेल्या डब्याच्या काठापर्यंत नेला आणि सावकाश कलता केला. रोज सकाळी करत तसाच, मनगटाने.

पाणी डब्याच्या बुडाशी क्षणभर अडलं, मग कठड्यावरून खाली आलं. नव्या पिवळ्या रंगावर एक गडद पट्टा उतरू लागला. मध्ये फुटला, पुन्हा जुळला, आणि जमिनीला टेकला. वहिनी मागे सरल्या आणि हात पाठीशी बांधून उभ्या राहिल्या.

"असाच होता?" त्यांनी विचारलं.

धाकट्याने बराच वेळ पाहिलं. थोरल्याचा डाग रुंद होता, शांत होता, आणि त्याची कड जळल्यासारखी गडद होती.

"बराचसा," तो म्हणाला.

वेट्रेस टेबल आवरायला आली आणि भिंतीकडे पाहून थबकली. "पाणी सांडलं का मावशी? थांबा, पुसून घेते."

"नको गं," वहिनी म्हणाल्या. "वाळू दे आपोआप."

मुलीने खांदे उडवले आणि ग्लास घेऊन गेली. धाकट्याने आपली खुर्ची भिंतीकडे वळवली, मग वहिनींची. सगळं दालन त्यांच्या पाठीशी नाचत होतं. ते दोघे खिडकीकडे तोंड करून बसले, आणि पट्ट्याची कड दोन्ही बाजूंनी फिकी होत आत येऊ लागली, ते पाहत राहिले.